ललिता बाबर आणि रिओतील दहावा क्रमांक

१५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ दि जानेरो येथे महिलांच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची ऑलिम्पिक अंतिम शर्यत झाली. तेथे सकाळचे सत्र सुरू होते. भारतात स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ होती. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता शिवाजी बाबर या शर्यतीत ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहावी आली. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत चौथी आली होती. त्यानंतर ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीची ऑलिम्पिक अंतिम फेरी गाठणारी ललिता ही पहिलीच भारतीय महिला. मधली बत्तीस वर्षे ही जागा रिकामी होती.

पदकांच्या तक्त्यात दहाव्या क्रमांकाला स्थान नसते. त्यामुळे ही कामगिरी 'चांगला प्रयत्न' या सदरात जमा झाली आणि लवकरच मागे पडली. तिचे खरे मोल कळण्यासाठी आधी या शर्यतीचे स्वरूप पाहिले पाहिजे.

स्टीपलचेसमध्ये साडेसात फेऱ्यांच्या अंतरात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. हर्डल्सच्या शर्यतीतील अडथळा धक्का लागताच कोसळतो, येथला भक्कम ओंडका मात्र जागचा हलत नाही. धडक बसली तर धावपटूच आडवी होते. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांब असून त्याचा तळ पुढे चढत जातो, म्हणून उडी जितकी लांब तितके पायाखाली पाणी कमी. नियमानुसार अडथळ्यावर पाय ठेवता येतो. बहुतेक जणी पाण्याच्या उडीला तसा पाय देतात, आणि तेथेच लय मोडते. सपाट तीन हजार मीटर उत्तम धावणारी धावपटू येथे मागे पडू शकते, ती यामुळेच. पुरुषांसाठी हे अंतर १९२० पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. महिलांना जागतिक स्पर्धेत २००५ साली आणि ऑलिम्पिकमध्ये थेट २००८ साली प्रवेश मिळाला.

माण हा कायम दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा तालुका. तेथली मुलगी पाण्याच्या उडीत नाव काढते, हा योगायोग कोणाच्याही लक्षात येण्याजोगा आहे. पण ललिताची सुरुवात झाली ती लांब पल्ल्याच्या धावण्याने. २००५ साली पुण्यात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने वीस वर्षांखालील गटात सुवर्णपदक मिळवले. पुढे रेल्वेची नोकरी लागली. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तिसऱ्यांदा विजेतेपद पटकावले. एवढे नाव झाल्यावर ४२ किलोमीटरवरून तीन किलोमीटरकडे वळण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. मोठ्या स्पर्धेतील पदकासाठी तिने ते केले. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह यांचे मार्गदर्शन तिला लाभले.

त्याच वर्षी इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने ९:३५.३७ असा राष्ट्रीय विक्रम केला. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रुथ जेबेटला पंचांनी रेषेच्या आत पाऊल पडल्याबद्दल बाद ठरवले, अपिलानंतर तो निर्णय फिरला आणि ललिताच्या वाट्याचे रौप्य कांस्य झाले. पुढच्या वर्षी वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत मात्र तिने ९:३४.१३ वेळेत सुवर्ण जिंकले.

ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत ९:२७.८६ असा नवा राष्ट्रीय विक्रम करून ललिता अंतिम फेरीत गेली आणि आठवी आली. केनियाच्या हायविन कियेंगने ९:१९.११ वेळेत सुवर्ण मिळवले. पहिल्या तिघींमध्ये सेकंदाच्या केवळ चौदा शतांश भागाचे अंतर होते.

आता रिओची प्राथमिक फेरी पाहा. मे २०१६ मध्ये शांघायला सुधा सिंगने ९:२६.५५ वेळ देऊन ललिताकडून राष्ट्रीय विक्रम काढून घेतला होता. १३ ऑगस्टला ललिता आपल्या गटात चौथी आली, वेळेच्या निकषावर अंतिम फेरीत पोहोचली, आणि घड्याळाने दाखवले ९:१९.७६. म्हणजे तो विक्रम तिने जवळपास सात सेकंदांनी मोडला. आदल्या वर्षीच्या जगज्जेतेपदाच्या वेळेपेक्षा ती फक्त ०.६५ सेकंदाने मागे होती. शर्यतीगणिक डावपेच बदलतात, त्यामुळे वेळेची तुलना जपून करावी लागते. तरीही मोहीच्या या मुलीने रिओत कोणत्या दर्जाचे धावणे केले, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

त्याच प्राथमिक फेरीत इथिओपियाची एतेनेश दिरो धक्काबुक्कीत अडखळली, तिचा बूट गेला आणि उरलेले अंतर ती एका अनवाणी पायाने धावली. अपिलानंतर तिला व आणखी दोघींना अंतिम फेरीत सामावून घेतल्याने पंधराऐवजी अठरा जणी आरंभरेषेवर आल्या.

अंतिम शर्यतीत डावपेचांना वाव राहिलाच नाही. एकोणीस वर्षांच्या जेबेटने असा वेग लावला की तिने ८:५९.७५ वेळेत सुवर्ण नेले. तेव्हाचा विश्वविक्रम तिच्यापासून सेकंदभरही दूर नव्हता. कियेंगला ९:०७.१२ वेळेत रौप्य, तर अमेरिकेच्या एमा कोबर्नला ९:०७.६३ वेळेत कांस्य मिळाले. ललिता कांस्यपदकापासून पंधरा सेकंद मागे राहिली. दोन दिवसांपूर्वीची वेळ तिने पुन्हा दिली असती, तरी पदक बरेच लांब होते. बीजिंगमध्ये जी वेळ पदकाच्या आसपास पोहोचवत होती, ती रिओत पहिल्या तिघींच्या जवळपासही नेत नव्हती. ती कमी पडली असे म्हणण्यापेक्षा वर्षभरात शर्यतच पुढे सरकली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. जेबेटला पुढे ईपीओ या उत्तेजकाच्या सेवनाबद्दल चार वर्षांची बंदी झाली. मात्र तो नमुना डिसेंबर २०१७ चा असल्याने रिओचा निकाल बदलला नाही.

ललिताचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे टिकला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत मेरठच्या पारुल चौधरीने ९:१५.३१ वेळेत अकरावे स्थान मिळवत तो मोडला आणि २०२५ मध्ये गुमी येथील आशियाई स्पर्धेत तो ९:१२.४६ पर्यंत खाली आणला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे पुरुषांच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला आणि अकरावा आला. पारुलचे आव्हान मात्र तेथे प्राथमिक फेरीतच संपले. तेव्हा तिची वेळ होती ९:२३.३९.