घोंगडीची खोळ : न शिवलेली लोकरी टोपी

डोंगरातल्या लोकांची लोकरीची टोपी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? कुलूची रंगीत पट्टीची टोपी, फार तर चित्रालचा कडा गुंडाळलेला पकोल. मग आपल्या धुळ्यात, साक्रीच्या डोंगरांत मेंढ्या घेऊन हिंडणारे ठेलारी पावसात डोक्यावर काय घेतात? फेटा सुती असतो, तो भिजतो. त्यावर येते घोंगडीची खोळ.

घोंगडी मधोमध दुमडायची, एक कोपरा आत खोचायचा, की टोकदार टोपडं तयार. डोकं आणि पाठ झाकली जाते, हात काठीसाठी मोकळे राहतात. रात्री तीच उलगडून अंथरायची.

शिवलेली नसल्यामुळे खोळ टोप्यांच्या इतिहासात येतच नाही. मल्हारराव होळकर (जन्म 1693) धनगर कुटुंबातले. लहानपणी तळोद्याला मामाकडे वाढले. तळोदे 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. तिथे ते मेंढ्या राखत, असं सांगतात. पण चित्रांत आपल्याला दिसते ती सुभेदारांची पगडी. मेंढपाळाच्या पोराच्या डोक्यावरचं कोण रंगवणार?

आता थोडं विज्ञान. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. प्रत्येक तंतूवर खवले असतात, त्यांवर स्निग्ध थर. त्यामुळे थेंब वरच राहतो. आतला भाग मात्र हवेतली वाफ शोषतो, स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत, आणि शोषताना थोडी ऊब सोडतो. सनगर आणि खुटेकर विणकर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ती ताठ होते. मऊ मेरिनोची घोंगडी केली तर खोळ डोक्यावर उभीच राहणार नाही!

पण बाजार लोकरीची प्रत मऊपणावर ठरवतो. म्हणून ही लोकर ‘हलकी’. मेंढी वर्षातून दोनदा कातरावी लागते आणि पुष्कळदा कातरणीची मजुरीही निघत नाही. लोकर फेकली जाते, माग बंद पडतात, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद येतो. तो स्वस्त आहे, हलका आहे, पाऊसही अडवतो. पण आतला घाम आतच राहतो आणि रात्री तो अंथरता येत नाही.

म्हणून कुणी दख्खनी लोकरीला निकृष्ट म्हटलं, तर एवढंच विचारा: कशासाठी निकृष्ट? स्वेटरसाठी असेल. साक्रीच्या पावसासाठी नाही.