घरी बनवलेला पोर्टेबल कॉम्प्युटर : काय लागतं, काय सांभाळावं

स्वतः सुटे भाग जोडून तयार केलेला आणि उचलून नेता येणारा कॉम्प्युटर म्हणजे हौशी पोर्टेबल कॉम्प्युटर. नववी-दहावीनंतर मुलं हा शौक धरतात, तेव्हा पालकांना प्रश्न पडतो की हे जमेल का आणि धोका किती. म्हणून ही माहिती.

थोडा इतिहास : १९८१ साली आलेला ऑस्बोर्न-१ हा बाजारात चाललेला पहिला पोर्टेबल कॉम्प्युटर मानला जातो. त्याचं वजन सुमारे ११ किलो आणि पडदा फक्त ५ इंचांचा होता. तो काढणारे अ‍ॅडम ऑस्बोर्न लहानपणी तमिळनाडूत राहिले होते. आपल्या महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खैराटच्या शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती आले. उन्हातही पडदा वाचता यावा आणि वीज कमी लागावी, असा तो बनवला होता. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा बोर्ड आला आणि असं यंत्र घरी जोडणं सोपं झालं.

लागणारे भाग : बोर्ड, मायक्रोएसडी कार्ड, ७ इंची पडदा, छोटा कीबोर्ड, बॅटरी आणि डबा. जुन्या लॅपटॉपचा पडदाही चालतो. मात्र त्याच्या मागचा मॉडेल नंबर पाहून जुळणारं कंट्रोलर कार्ड घ्यावं लागतं. डब्यासाठी प्लायवूड किंवा जुना टिफिनही चालेल. धातूचा असेल तर आतून इन्सुलेशन हवंच, नाहीतर शॉर्ट होतो.

विजेचा हिशोब : रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. पॉवर बँक कमी पडली की पडद्यावर विजेची खूण दिसते. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ३७ वॅट-तास. काही वीज वाया जाते, हातात ३० उरतात. बोर्ड आणि पडदा मिळून ८ वॅट धरले तर साडेतीन तासांच्या आसपास चालेल. लोडशेडिंगमध्ये तेवढं पुरे.

बॅटरीची काळजी : मुलांनी भंगारातले लिथियम सेल काढून जोडू नयेत. शॉर्ट झाला तर आग लागते. पहिल्यांदा बीआयएसची खूण असलेली तयार पॉवर बँकच वापरावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा केंद्रात द्यावी. आपल्या वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि लिथियम बॅटरी ४५ च्या वर चार्ज करायची नसते. म्हणून चार्जिंग सकाळी किंवा रात्री, कोणी जागं असताना करावं. बोर्डही ८० अंशांना पोचला की आपोआप मंद होतो. डब्याला भोकं आणि छोटा पंखा ठेवावा.

मराठी आणि उर्दू : लिनक्स मोफत आहे. त्यात दोन्ही कीबोर्ड लावता येतात, आणि नोटो नस्तालीक फाँट टाकला की उर्दू नीट दिसते. एकाच फाइलमध्ये दोन्ही भाषा लिहिता येतात.

खर्च : खरं सांगायचं तर फक्त अभ्यासासाठी कॉम्प्युटर हवा असेल तर जुना लॅपटॉप बहुधा स्वस्त पडतो. इथे पैसे शिकण्यासाठी जातात. बिघाड कुठे आहे हे शोधायची सवय लागते, आणि ती मुलीला असो की मुलाला, पुढे आयटीआयला, डिप्लोमाला किंवा स्वतःच्या दुकानात कामी येते. सुरुवात टेबलावर सगळं उघडं जोडून करा. आठवडाभर नीट चाललं, मगच डब्यात बसवा.