'मिनिट' : एक शब्द, अनेक अर्थ

'एक मिनिट थांबा' असे आपण म्हणतो, तेव्हा समोरच्याने साठ सेकंद मोजून थांबावे, अशी अपेक्षा नसते. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्याचे अन्य अर्थ सहसा ध्यानात येत नाहीत.

या शब्दाचे मूळ 'लहान केलेला' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पूर्णाचे साठ भाग केल्यावर मिळणारा 'पहिला लहान भाग' म्हणजे मिनिट आणि त्याचेही साठ भाग केल्यावर मिळणारा 'दुसरा लहान भाग' म्हणजे सेकंद. इंग्रजीत 'सेकंड' म्हणजे 'दुसरा' आणि कालमापनातील सेकंदही, त्याचे कारण हेच.

मिनिट केवळ वेळेचे नसते. कोनाच्या अंशाचा साठावा भागही मिनिटच. मराठीत त्याला 'कला' म्हणतात. जालना जिल्ह्यातील मंठा सुमारे 76 अंश 23 मिनिटे पूर्व रेखांशावर आहे, तर भारतीय प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटांवरून ठरते. पृथ्वीला एक अंश फिरण्यास वेळेची 4 मिनिटे लागतात. त्यामुळे मंठा येथे सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा घड्याळात सरासरीने 12 वाजून सुमारे 24 मिनिटे झालेली असतात. आपल्या जुन्या कालगणनेत 24 मिनिटे म्हणजे एक घटिका!

स्पेलिंग तेच ठेवून उच्चार 'माइन्यूट' केला की ते विशेषण होते व अर्थ होतो 'अतिसूक्ष्म'.

सभेच्या संदर्भात 'मिनिट्स' म्हणजे इतिवृत्त. येथे घड्याळाचा संबंध नाही. मंठा तालुक्यातील ग्रामसभा असो वा शहरातील गृहनिर्माण संस्थेची बैठक, कोणता ठराव झाला आणि विरोध कोणी नोंदवला, याचा पुरावा म्हणजे हेच इतिवृत्त. तोंडी दिलेले आश्वासन विरते, नोंद राहते. म्हणून ते वाचल्याखेरीज स्वाक्षरी करू नये.

अधिकाऱ्याच्या लेखी अभिप्राय-टिपणालाही इंग्रजीत 'मिनिट' म्हणतात. मेकॉले यांचे 2 फेब्रुवारी 1835 चे शिक्षणविषयक प्रसिद्ध टिपण 'मेकॉलेज मिनिट' म्हणूनच ओळखले जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने निर्णय दिला. 'लहान' अर्थाच्या या शब्दाने भारतीय शिक्षणाची दिशा बदलली, ती अशी.