पडल्याची गोष्ट सांगावी

वार्धक्यात माणूस पडावयाचाच, त्याला इलाज नाही, ही समजूत फार जुनी. इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन येथील डॉ. जे. एच. शेल्डन यांनी ती पारखून पाहिली. १९६० साली त्यांनी २०२ वृद्धांच्या ५०० वेळा पडण्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोणी जिन्यावरून पडले होते, कोणाचा मान मागे टाकताच तोल गेला होता, तर कोणाचे पाय शुद्ध असतानाच एकाएकी गळाले होते. ही निरनिराळी कारणे उलगडली ती वृद्धांच्या स्वतःच्या सांगण्यावरून.

तरीही पुष्कळजण पडल्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवितात. घरची मंडळी एकट्याने बाहेर जाऊ देणार नाहीत, ही धास्ती त्यांना असते आणि ती निराधार नाही. परंतु १९९४ साली अमेरिकेत डॉ. मेरी टिनेटी व त्यांचे सहकारी यांनी सत्तरी गाठलेल्या ३०१ जणांचा अनुभव मांडला. ज्यांची औषधे तपासून बदलली आणि ज्यांना व्यायाम शिकविला, त्यांच्यापैकी वर्षभरात शेकडा ३५ पडले. ज्यांची केवळ विचारपूस झाली, त्यांच्यापैकी शेकडा ४७.

म्हणून स्वावलंबन प्रिय असणाऱ्याने पहिले पडणेच डॉक्टरांच्या कानी घालावे. आणि डॉक्टरांनीही ‘वय झाले’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.