दोन वाजून तेवीस मिनिटं

या घटनाक्रमातलं घड्याळ सिडनीचं आहे. आपली वेळ हवी असेल तर साडेपाच तास वजा करायचे. त्या आठवड्यात आमच्यासारख्या कितीतरी जणांनी हा हिशेब मनातल्या मनात इतक्या वेळा केला, की आजही नोव्हेंबर आला की तो आपोआप सुरू होतो.

मंगळवार, 25 नोव्हेंबर 2014, सकाळ

सिडनी क्रिकेट ग्राउंडवर शेफील्ड शील्डचा सामना सुरू झाला आहे. शेफील्ड शील्ड म्हणजे ऑस्ट्रेलियाची रणजी, आणि गर्दीही रणजीएवढीच. न्यू साउथ वेल्सविरुद्ध साउथ ऑस्ट्रेलियाची पहिली फलंदाजी. सलामीला फिलिप ह्यूज. डावखुरा, चणीने लहान, पाच दिवसांनी सव्विसावं वर्ष पूर्ण करणार.

मॅक्सव्हिल नावाच्या छोट्या गावातल्या केळीच्या बागायतदाराचा हा मुलगा. क्रिकेट संपल्यावर गावी जाऊन गुरं पाळायची, हे त्याचं ठरलेलं स्वप्न. 2009 मध्ये दरबानला, कारकिर्दीतल्या दुसऱ्याच कसोटीत, दक्षिण आफ्रिकेच्या तोफखान्यासमोर त्याने दोन्ही डावांत शतकं ठोकली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. एका कसोटीत दोन शतकं करणारा त्याच्याइतका लहान फलंदाज त्याआधी झाला नव्हता. त्यानंतर मात्र संघात ये, बाहेर जा, पुन्हा ये, असंच चाललं. आता कर्णधार मायकेल क्लार्कची मांडी दुखावली आहे आणि 4 डिसेंबरला ब्रिस्बेनला भारताविरुद्ध पहिली कसोटी आहे. आज धावा झाल्या तर ह्यूज पुन्हा आत. मैदानावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

मी त्याला एकदाच पाहिलं, ऑक्टोबर 2013 मध्ये, आमच्या पुण्याजवळ गहुंज्याला. एकदिवसीय सामना होता. फिंचबरोबर त्याने शंभराच्या वरची सलामी दिली आणि स्वतः 47 धावा केल्या. त्याच वर्षी तो मुंबई इंडियन्सच्या ताफ्यातही होता, पण एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्या दुपारी आमच्या स्टँडमधून एकच गलका चालला होता: "अरे, टाक ना डोक्यावर एक!" ओरडणाऱ्यांत मीही होतो. घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. त्यात राग नव्हता. वेगवान गोलंदाज दिसला की आपण ओरडतोच.

दुपारी 2.23

ह्यूज 63 वर नाबाद. 161 चेंडू खेळून झालेत. म्हणजे घाई नाही, निवडीसाठी शांतपणे रचलेला डाव आहे. धावफलकावर 2 बाद 136. गोलंदाज शॉन ॲबट, वय 22. जेमतेम दीड महिन्यापूर्वी अरब अमिरातीच्या दौऱ्यावर हे दोघे ऑस्ट्रेलियाच्या एकाच संघात होते.

आखूड चेंडू उसळतो. ह्यूज हूक मारायला जातो, पण बॅट लवकर फिरते. त्याच्यासोबत शरीरही फिरतं आणि चेंडू हेल्मेटच्या खाली, डाव्या कानाच्या मागे, उघड्या मानेवर बसतो. क्षणभर तो गुडघ्यांवर हात टेकून वाकतो. मग तोंडावर कोसळतो. पडताना हात पुढे येत नाहीत.

सगळ्यात आधी ॲबट धावला. त्याने ह्यूजचं डोकं हातात धरलं. नॉन-स्ट्रायकर टॉम कूपर, यष्टिरक्षक ब्रॅड हॅडिन, डेव्हिड वॉर्नर सगळे ड्रेसिंग रूमकडे हात हलवत ओरडू लागले. त्या जवळजवळ रिकाम्या स्टँडमध्ये ह्यूजची आई आणि बहीण बसल्या होत्या.

आपल्याकडे तेव्हा सकाळचे आठ वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. मी ऑफिसला निघायच्या तयारीत.

2.29

रुग्णवाहिकेसाठी पहिला फोन. म्हणजे चेंडू लागल्यानंतर सहा मिनिटांनी. पुढे न्यायालयीन चौकशीत या सहा मिनिटांचा बारीक कीस काढला गेला. मैदानात जखम किती गंभीर आहे हे बाहेर कसं कळवायचं, फोन कोणी करायचा, याची ठरलेली पद्धतच नव्हती. 2016 मध्ये निष्कर्ष देताना न्यायाधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की रुग्णवाहिका लगेच आली असती तरी ह्यूज वाचला नसता. ते वाचून दिलासा मिळायला हवा होता. मला मिळाला नाही.

त्या चेंडूने कवटी फुटली नव्हती. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्त नेणारी एक धमनी आहे. ती फटक्याने दबली, फाटली आणि रक्त मेंदूच्या भोवती पसरलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे डॉक्टर पीटर ब्रुकनर यांनी नंतर सांगितलं की अशा इजेच्या जेमतेम शंभर नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत, आणि क्रिकेटच्या चेंडूने झालेली त्यातली केवळ एक.

2.44

पहिली रुग्णवाहिका पोहोचली. तोवर ह्यूजला गाडीवरून सीमारेषेपाशी आणलं होतं. न्यू साउथ वेल्स संघाच्या डॉक्टरांसोबत प्रेक्षकांतून उडी मारून आलेला एक डॉक्टर त्याला कृत्रिम श्वास देत होता. थोड्या वेळात मैदानावर हेलिकॉप्टरही उतरलं. सामना तिथेच थांबला आणि पुढे कधी सुरू झाला नाही.

याच वेळी जगभर ती चित्रफीत पसरू लागली. चाहत्यांच्या वागण्याबद्दल मला सांगायचंय ते इथून सुरू होतं. आम्ही ती पाहिली. एकदा, दोनदा, काहींनी दहा वेळा. हेल्मेटच्या कुठल्या भागाला लागला, जाळीला की मागे? आधी त्यात बघ्याची उत्सुकताच होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग तो पडतो तो क्षण येतो आणि बोट आपोआप थांबतं. तासाभरात लोक एकमेकांना सांगू लागले: टाकू नका, पाठवू नका, त्याची आई तिथे आहे. असं कोणी वरून ठरवून दिलं नव्हतं. माझ्या मित्रांच्या गटातही, जिथे एरवी विकेट पडली की शिव्यांची आतषबाजी होते, तिथे एकाने लिहिलं, "काढून टाक रे तो व्हिडिओ." आणि ज्याने टाकला होता त्याने मुकाट्याने काढला.

संध्याकाळ आणि रात्र

सेंट व्हिन्सेंट रुग्णालय. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी तासाभराहून अधिक काळ शस्त्रक्रिया. नंतर औषधांनी बेशुद्ध ठेवलेला. क्लार्क रुग्णालयात आला आणि जवळजवळ तिथलाच होऊन गेला.

भारतीय संघ त्या दिवशी ॲडलेडला सराव सामना खेळत होता. इकडे घराघरांत जुनी नावं निघाली. आमच्या वडिलांच्या पिढीला पहिलं नाव आठवलं ते नरी कॉन्ट्रॅक्टर यांचं. 1962, बार्बाडोस, चार्ली ग्रिफिथचा चेंडू, फुटलेली कवटी. तेव्हा त्यांना रक्त द्यायला आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर पुढे झाले आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण वाचले. त्या रात्री वडील फोनवर हेच पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू बार्बाडोसला झालं ते सिडनीला पुन्हा करून दाखवता येईल. रमण लांबाचं नाव त्यांनी काढलं नाही. 1998 साली ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा होता, तीन दिवसांत गेला. ते नाव आम्हा दोघांच्याही मनात होतं. दोघांनी टाळलं.

बुधवार, 26 नोव्हेंबर

प्रकृतीत फरक नाही. दिवसभर एवढंच.

पण या रिकाम्या दिवसात एक गोष्ट झाली, आणि मला वाटतं या सगळ्या घटनाक्रमातली ती सर्वांत मोठी आहे. लोक ॲबटबद्दल बोलू लागले. तो पोरगा कसा असेल? जेवला असेल का? त्याच्याजवळ कोणी आहे का? माजी कसोटीवीरांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांनी त्याला लिहिलं की यात तुझा दोष नाही. शिवीगाळ करणाऱ्या, खेळाडूंचे पुतळे जाळणाऱ्या, घरांवर दगड मारणाऱ्या चाहत्यांची आपल्याला सवय. ॲबट त्या दिवशी खलनायक होऊ शकला असता. एका हाकेची गरज होती. ती हाक कोणी दिली नाही. मला वाटतं त्याचं कारण असं की बाऊन्सर ॲबटने टाकला, पण तो मागत आलो होतो आम्ही सगळे. मला त्या दिवशी गहुंजे आठवत होतं, स्वतःचा आवाज आठवत होता.

गुरुवार, 27 नोव्हेंबर, दुपार

आपली सकाळ. मी लोकलमध्ये होतो, शिवाजीनगर ते पिंपरी. समोरच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलाने मोबाइल पाहिला, इअरफोन काढले आणि कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, "गेला." डब्यातल्या तिघाचौघांनी त्याच्याकडे पाहिलं. कोण, असं कोणीच विचारलं नाही.

ह्यूज शुद्धीवर आलाच नव्हता. ब्रुकनर यांनी सांगितलं की त्याला वेदना झाल्या नाहीत आणि घरचे, जवळचे मित्र सोबत होते. कुटुंबाचं निवेदन क्लार्कने वाचून दाखवलं.

शारजात पाकिस्तान आणि न्यूझीलंड यांच्या कसोटीचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी खेळ झालाच नाही. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडचे खेळाडू उतरले, पण त्यांनी बाऊन्सर टाकले नाहीत, विकेट घेतल्यावर उड्या मारल्या नाहीत. मॅक्युलमने द्विशतक केलं, तेही आनंदाविना.

गुरुवार, रात्र

सिडनीतल्या एका गृहस्थाने आपली बॅट घराच्या दाराबाहेर टेकवून ठेवली आणि तिचा फोटो टाकला. काही तासांत जगभर बॅटा बाहेर आल्या: दारात, गेटला, शाळांच्या व्हरांड्यात, समुद्रकिनाऱ्यावर, बर्फात.

आमच्या सोसायटीत पोरांची बॅट नेहमीच दाराबाहेर असते, चपलांच्या स्टँडमागे, टेनिस बॉलने झिजलेली. त्या रात्री जिना चढताना पाहिलं, दुसऱ्या मजल्यावर ती पुढे काढून भिंतीला नीट टेकवली होती आणि हँडलवर शाळेच्या क्रिकेटची टोपी घातली होती. त्या घरातला मुलगा दहा वर्षांचा. ह्यूजला त्याने कधी खेळताना पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मी वर गेलो, माळ्यावरची माझी बॅट काढली. कॉलेजनंतर हात लावला नव्हता. बाहेर ठेवली.

त्यानंतर

3 डिसेंबरला मॅक्सव्हिलच्या शाळेच्या सभागृहात अंत्यविधी झाला. विराट कोहली आणि रवी शास्त्री तिथे होते. ब्रिस्बेनची कसोटी पुढे गेली. मालिका 9 डिसेंबरला ॲडलेडला सुरू झाली, आणि मैदानावर 408 हा आकडा रंगवला होता, ह्यूजच्या कसोटी टोपीचा. अधिकृत धावफलकात त्याच्यापुढे जखमी होऊन निवृत्त अशी नोंद होती. ती बदलून नाबाद केली गेली. ॲबट त्याच सुमारास सिडनीच्या त्याच मैदानावर पुन्हा गोलंदाजीला उभा राहिला. वेगवान माऱ्यासमोर मानेचं संरक्षक कवच सक्तीचं करायला ऑस्ट्रेलियाला 2023 साल उजाडावं लागलं.

ॲडलेडच्या तिसऱ्या दिवशी आम्ही पहाटेपासून टीव्हीसमोर होतो. कोहली आला. पहिलाच चेंडू, मिचेल जॉन्सनचा बाऊन्सर, थेट हेल्मेटवर. तो आवाज टीव्हीतूनही आला. मी उभा होतो, आणि उभा कधी राहिलो ते मला कळलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू चारही बाजूंनी धावत आले. जॉन्सनचा चेहरा पांढरा पडला होता. कोहलीने मान हलवली, ठीक आहे म्हणाला, हेल्मेट सारखं केलं.

वडिलांचा फोन आला. "बघतोयस ना?" एवढंच विचारलं आणि ते फोन न ठेवता तसेच थांबले. मीही. पुढचा चेंडू पडेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.