मध्यकर्णदाह, बालवयातील : जीवाणूंची उग्रता व शरीराचा प्रतिकार

कानाच्या पडद्यामागील पोकळीत जीवाणूंच्या संसर्गाने होणारा दाह. रात्री मूल किंचाळत उठते, कान ओढते. सकाळी उशीवर पिवळट डाग असतो आणि मूल शांत झोपलेले. यालाच ‘कान फुटला’ म्हणतात : पुवाच्या दाबाने पडदा फाटला की ठणका उतरतो. घरोघरी कोमट तेल घालतात, पण त्याचा इथे उपयोग नाही. पडदा शाबूत असेल तर ते आत पोचत नाही; फाटला असेल तर आत जाऊच नये.

जीवाणू येतात नाकामागून. नाकामागचा भाग मध्यकर्णाला जोडणारी युस्टेशियन नलिका लहान मुलांत आखूड आणि जवळपास आडवी असते. सर्दीच्या विषाणूंनी ती सुजून तुंबली, की नाकामागे एरवी निमूट राहणारे जीवाणू कानाकडे सरकतात. त्यांत मुख्य तीन : न्यूमोकॉकस, कवचहीन हीमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्सेला कॅटॅऱ्हालिस. (हीमोफिलसच्या नावातील ‘इन्फ्लुएन्झी’ चुकीचे आहे. १८९२ मध्ये त्यालाच फ्ल्यूचे कारण समजले गेले. चूक कळली तरी नाव राहिले.)

न्यूमोकॉकसचे बळ त्याच्या शर्करामय कवचात आहे. त्यामुळे भक्षक पेशींना तो सहज गिळता येत नाही. कवचाचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत, म्हणून एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला ओळखतीलच असे नाही. शिवाय त्याचे न्यूमोलायसिन हे विष पेशीपटलाला भोके पाडते. नुसत्या शर्करेविरुद्ध दोन वर्षांखालील मुलांची प्रतिकारयंत्रणा फारशी जागी होत नाही, आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडे तर काही महिन्यांतच ओसरतात. सहा महिने ते दोन वर्षे या वयात कान वारंवार फुटतात, त्यामागचे एक मोठे कारण हे. म्हणून लशीत ही शर्करा प्रथिनाला जोडतात. मग बाळाचे शरीरही तिची दखल घेते. अशी पहिली लस २००० साली अमेरिकेत आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांवरील लशीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता २०१९ मध्ये मिळाली. भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली.

कानातले बरेचसे नुकसान प्रतिकारातूनच होते. जीवाणूंची चाहूल लागताच न्यूट्रोफिल पेशींची झुंड येते. त्या मरून पू होतो, त्यांच्या डीएनएचे तंतू मागे उरतात. हीमोफिलस हेच तंतू आपल्या जैवपटलाच्या बांधणीत वापरतो. या चिकट थरात प्रतिजैविक आणि प्रतिपिंडे दोन्ही दुबळी ठरतात. २००६ मध्ये कानाचे जुनाट दुखणे असलेल्या मुलांच्या मध्यकर्णत्वचेवर असे थर प्रत्यक्ष दिसले. कानातून काढलेल्या स्रावाच्या संवर्धनात अनेकदा काहीच उगवत नाही, याचा एक अर्थ त्यातून लागला : जीवाणू स्रावात नसून थरात दडलेले असतात.

मोराक्सेला एकट्याने फार उपद्रवी नाही, पण त्याचे बीटा-लॅक्टमेज विकर अ‍ॅमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक फोडते आणि शेजारचा न्यूमोकॉकसही वाचतो. कानातल्या या हीमोफिलसला मुळात कवचच नसल्याने न्यूमोकॉकसची कवचावर बेतलेली लस त्याला लागू पडत नाही. वर तो पृष्ठभागावरील शर्करा सतत बदलत राहतो.