यक्षिणीची कांडी

एकादें अवघड काम अकस्मात् तडीस गेलें म्हणजे ‘यक्षिणीची कांडी फिरली’ असें आपण सहज म्हणून जातों. ती कांडी कोणीं पाहिलेली नसते. गोष्टींतून ऐकलेली असते. तिचा विशेष एवढाच कीं, इकडे हात हालवावा आणि तिकडे दूरच्या वस्तूनें आज्ञा पाळावी. गेल्या दिवाळींत आमच्या पनवेलच्या घरीं अशी एक कांडी खरोखरीच आली. माझ्या भाच्यानें ती इंग्लंडहून आणली. लांबी दीड-दोन विती, रूप लाकडी छडीचें, आणि बटण म्हणून तिच्यावर एकहि नाहीं. माझ्या नातीनें ती हातांत घेऊन मनगट वळविलें, तों दूरचित्रवाणीचा आवाज वाढला. हवेंत हलकासा फटकारा दिला, तों पडद्यावरचें चित्र पालटलें. घरांत जो आनंदाचा कल्लोळ झाला त्यांत मीहि मनापासून सामील होतों. रात्रीं मात्र मनांत प्रश्न आला: हेंच काम बटण दाबूनहि होतें; मग कांडीचें एवढें कौतुक कां? उत्तरासाठीं थोडें मागें वळून पाहिलें पाहिजे.

त्यासाठीं पनवेलहून फार दूर जावयास नको. शेजारच्या कल्याण गांवीं १८९२ सालीं महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें चित्रदीपाचे खेळ सुरू केले. शंबरासुर हा पुराणांतील प्रसिद्ध मायावी. त्याचें स्मरण या नांवांत आहे. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्यापुढें धरावयाचीं, त्यांची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडावयाची, आणि कांचा अशा कौशल्यानें सरकवावयाच्या कीं, चित्रांतील पात्रें हालतांना दिसावींत. मुंबईंत ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें आलीं तीं १८९६ सालीं. हा खेळ त्यापूर्वीं चार वर्षें चालू झाला होता. पुढें पटवर्धनांच्या मुलांनींहि तो चालविला. पडद्यावरील सारी माया दिव्यामागें उभ्या असलेल्या माणसाच्या बोटांत होती. बोट चुकलें कीं माया फसली. मनुष्याच्या हातानें पडद्यावरील चित्रास आज्ञा करावी, ही हौस आपल्याकडे नवी नाहीं.

परंतु तेथें हाताचा वस्तूला स्पर्श होत होता. स्पर्शावांचून आज्ञा पोंचविण्याचा मार्ग विद्युत्लहरींनीं दाखविला. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें निकोला टेस्ला यानें पाण्यांत एक छोटी नाव सोडली आणि तारेवांचून, दुरूनच, तिला वळविलें. प्रेक्षकांपैकीं कोणास ही मनोबलाची करामत वाटली. कोणीं तर नावेच्या पोटांत शिकविलेलें माकड बसविलें असावें असा तर्क केला, अशी हकीकत सांगतात.

श्रोतेहो, येथेंच जादूगार आणि शोधक यांच्या वाटा वेगळ्या होतात. आमच्या लहानपणीं बाजाराच्या दिवशीं गारुडी येई, डमरू वाजवी, रिकाम्या टोपलींतून पदार्थ काढून दाखवी. पण टोपलीचें रहस्य त्यानें कधीं सांगितलें नाहीं. तें सांगितलें असतें तर त्याचें पोट कसें भरावें? बसूंनीं मात्र आपले निष्कर्ष शोधनिबंधांतून जगापुढें ठेविले, आणि टेस्लानें त्याच वर्षीं नावेचें पेटंट घेऊन तिच्या पोटांत काय आहे हें आकृत्यांसह लिहून दिलें.

घरांतील दूरनियंत्रकाचा जन्म मात्र अगदीं घरगुती कारणानें झाला. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीचा प्रमुख यूजीन मॅक्डॉनल्ड याला दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. खुर्चींतून न उठतां त्यांचें तोंड बंद करतां यावें अशी त्याची इच्छा होती. १९५० सालीं कंपनीनें ‘लेझी बोन्स’ नांवाचें साधन काढलें. मराठींत त्याला ‘आळशी’ म्हणतां येईल. तें लांब तारेनें यंत्रास जोडलेलें असे, आणि लोक त्या तारेला अडखळत. १९५५ सालीं यूजीन पॉली यानें प्रकाशाचा झोत वापरला. पडद्याच्या चार कोंपऱ्यांतील प्रकाशग्राही नळ्यांपैकीं हवी तिच्यावर विजेरी रोखावयाची. पण खिडकींतून ऊन आलें कीं सूर्यनारायणच कार्यक्रम बदलूं लागे! मग १९५६ सालीं रॉबर्ट अ‍ॅडलर याचें साधन बाजारांत आलें. त्यांत विजेचा घट सुद्धां नव्हता. बटण दाबतांच एक इवलीशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे, आणि माणसाच्या कानाला न ऐकूं येणारा सूर यंत्राला ऐकूं जाई. प्रत्येक आज्ञेची कांडी निराळ्या लांबीची, म्हणून सूरहि निराळा. अशा अश्राव्य सुरांनीं सुमारें पाव शतक हें काम केलें. पुढें अवरक्त प्रकाशानें त्यांची जागा घेतली.

मुंबईस दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. पनवेलास आमच्या आळींत पहिला संच आला तेव्हां त्याला लाकडी दारें होतीं, कुलूप होतें, आणि ‘खट्’ असा आवाज करीत फिरणारी चावी होती. दूरनियंत्रक होता तो म्हणजे घरांतील सर्वांत धाकटें मूल. “अरे, आवाज कमी कर,” असें वडिलांनीं म्हणावें आणि मीं उठावें! पुढें केबलच्या जाळ्यानें अनेक वाहिन्या घरोघर आल्या, बटणांचा ‘रिमोट’ हातीं आला, आणि धाकट्या मुलांची त्या चाकरींतून सुटका झाली.

त्या बटणांनाहि रजा देणारी कांडी इंग्लंडमधील दि वाँड कंपनीनें २००९ सालीं ‘कायमेरा’ या नांवानें विक्रीस आणली. ती तेरा निरनिराळ्या हातवाऱ्यांस ओळखते. त्यापूर्वीं २००६ सालीं जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें हातवाऱ्यांनीं खेळावयाचा ‘वी’ हा खेळ काढून हीच युक्ति लोकप्रिय केली होती. अशा साधनांच्या पोटांत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा असतो. त्यांत केसाहून बारीक स्प्रिंगांवर एक अतिलहान भार टांगलेला असतो. गाडीनें एकाएकीं वेग घेतला कीं उतारू जसा मागें झुकतो, तसा हात हालतांच तो भार किंचित् सरकतो. त्या सरकण्यावरून हात कोणत्या दिशेस आणि किती जोरानें गेला हें मोजलें जातें. आणि मग कांडीच्या टोंकांतून अदृश्य प्रकाशाची उघडझाप होऊन नेहमींचीच आज्ञा संचाकडे जाते. म्हणजे जादू झाली ती हात वाचण्याच्या कलेंत. पुढचा निरोप्या जुनाच आहे.

आतां थोडें माझ्याविषयीं. माझा उजवा हात अलीकडे कांपतो. मीं कांडी फिरविली तर चित्र जागचें हालेना. दोष कांडीचा नव्हे. माझ्या हाताची लिपीच पुसट झाली आहे. माझ्यासारख्यास किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास साधें बटण हेंच खरें वरदान, हें कांडीच्या कौतुकांत विसरतां कामा नये. पण नात मानीना. “आजोबा, मनगट सैल सोडा, घाई करूं नका,” असें म्हणत, मीं तिला पाटीवर श्रीकार शिकविला तसा, माझा हात हातांत धरून ती चार संध्याकाळ शिकवीत राहिली. पांचव्या दिवशीं आवाज एकदांचा वाढला. तेव्हां माझ्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें. बटणास कांहीं शिकावें लागत नाहीं. कांडीस हात शिकवावा लागतो. पटवर्धनांच्या दिव्यामागील बोटांस जें समाधान लाभत असेल, त्याचा एक कण त्या दिवशीं मला लाभला.

तरी एक शंका उरली होती. हें सारें प्रकाशाचें आणि स्प्रिंगांचें काम आहे असें सांगितलें तर पोरीचा आनंद मावळेल काय? मीं भीत भीत सांगितलें. तिनें लगेच भ्रमणध्वनीचा कॅमेरा कांडीच्या टोंकावर रोखला आणि कांडी फिरविली. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कॅमेऱ्यांत जांभळट लुकलुकला, आणि ती पहिल्या दिवसाहूनहि मोठ्यानें ओरडली, “आजोबा, दिसली! जादू दिसली!”

गारुड्याची टोपली उघडली कीं खेळ संपतो. या कांडीचें पोट उघडल्यावर आमच्या घरांतला खेळ सुरू झाला.